मलिकंबरी

पुणे, सुपे, इंदापूर या बाजूच्या जमाबंदीच्या जुन्या मोडी कागदांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना 'मलिकंबरी' हा शब्द ओळखीचा असतो. मलिकंबरी धारा म्हणजे अमुक जमिनीवर सरकारचा सारा किती, हे ठरवण्याची एक पद्धत. राजा बदलला, निजामशाही गेली, मोगल आले, शिवशाही आली, तरी कागदावरचा शब्द हलला नाही. कुळकर्ण्याला आणि पाटलाला तो तोंडपाठ होता. ज्या माणसाच्या नावाचं असं विशेषण झालं, तो मराठी मुलखातला नव्हता, दख्खनचा नव्हता, हिंदुस्थानातलाही नव्हता. तो इथिओपियात जन्मला होता आणि पोरवयात बाजारात विकला गेला होता.

आपल्याकडे मलिक अंबर भेटतो तो शिवचरित्राच्या देवडीवर. भातवडीची लढाई, शहाजीराजांचा पराक्रम, निजामशाहीचा कर्तबगार वजीर, एवढं वाचून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. त्याला पाहुण्यासारखं ओसरीवर बसवून ठेवायची ही सवय जुनी आहे. आज त्याला जरा माजघरात घेऊ या.

त्याचं मूळ नाव चापू. जन्म १५४८च्या सुमाराचा. त्या काळात इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात ख्रिस्ती राजे आणि भोवतालच्या मुसलमानी सत्ता यांच्या लढाया चालू होत्या, आणि दोघांच्या मध्ये जे बिगरख्रिस्ती, बिगरमुसलमान डोंगरी लोक होते ते दोन्हीकडून पकडले जात. चापू त्यांच्यातला. पकडून नेला म्हणावा, तर दुष्काळात आईबापांनीच विकला असंही सांगतात. दोन्हींचा शेवट तांबड्या समुद्राच्या काठीच व्हायचा. या व्यापाराचा एक धागा थेट आपल्या अंगणात येतो. इथिओपियातल्या बड्या लोकांना हिंदुस्थानी कापड हवं असे, आणि त्या कापडाचा मोबदला सोनं, हस्तिदंत आणि माणसं या रूपात चुकता होई. इकडचे तागे तिकडे गेले आणि त्यांच्या बदल्यात पोरं इकडे आली. कुणा विणकराच्या मागावरच्या लुगड्याची ती किंमत होती, असं म्हटलं तर ते अगदीच अलंकारिक होणार नाही.

पीटर व्हॅन डेन ब्रूक नावाच्या डच व्यापाऱ्याने पुढे लिहून ठेवलं आहे की तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात हा मुलगा ८० गिल्डरना विकला गेला. तिथून बगदाद. तिथल्या मीर कासिम नावाच्या धनिकाने पोराची हुशारी हेरली, त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, मुसलमान केलं आणि नवं नाव दिलं, अंबर. मराठी कानाला या नावात आभाळ दिसतं. पण हा अंबर संस्कृतातला नव्हे, अरबीतला. समुद्रात सापडणारं, अत्तरात घालतात ते सुगंधी द्रव्य. गुलामांची नावं अशीच ठेवत: याकूत म्हणजे माणिक, संदल म्हणजे चंदन, काफूर म्हणजे कापूर. विकत घेतलेल्या माणसाला विकत घेण्याजोग्या वस्तूचं नाव.

१५७०च्या दशकाच्या सुरुवातीला मीर कासिमने त्याला अहमदनगरला आणून चंगेजखानाला विकलं. चंगेजखान निजामशाहीचा पेशवा होता आणि स्वतःही हबशी, म्हणजे इथिओपियाकडचा, होता; एके काळी विकत घेतलेला गुलामच. (पेशवा म्हटलं की आपल्याला शनिवारवाडाच दिसतो. पण हे पद मराठी मुलखात त्याच्या शेदीडशे वर्षं आधीपासून होतं, आणि त्यावर हबशी बसले होते.) त्याच्या पदरी असे हजारभर हबशी होते.

हे गुलाम उसाच्या फडात राबणारे गुलाम नव्हते. अमेरिकेतल्या गुलामगिरीचं चित्र डोळ्यासमोर ठेवून दख्खनकडे पाहिलं तर काहीच उलगडत नाही. इथल्या सुलतानांच्या दरबारात दोन तट असत. एकीकडे दख्खनी, दुसरीकडे इराण-तुराणातून आलेले परदेशी सरदार. कोण कधी उलटेल याचा नेम नसे. अशा वेळी ज्याला इथे काका नाही, मामा नाही, सासुरवाडी नाही, वतन नाही, असा सशस्त्र माणूस धन्याला सोन्याच्या मोलाचा वाटे. त्याचं सगळं गणगोत म्हणजे धनी. शिवाय हे गुलामपण पिढीजात नव्हतं. धनी मेला की गुलाम बहुधा मोकळा होई, लग्न करी, दख्खनी बोलू लागे आणि नशीब असेल तर स्वतःच सरदार बनून नवे हबशी विकत घेई. क्रौर्य यात होतंच. आईपासून तोडलेलं पोर हा या व्यवस्थेचा पाया होता. पण तिला वर जायचा जिना होता.

चंगेजखानाने १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकून निजामशाहीला जोडलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दरबारी कानभरणीमुळे त्याच्याच सुलतानाने त्याला विष दिलं. धन्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. पुढची वीस वर्षं तो भाडोत्री शिपाई होता. विजापूरच्या चाकरीत 'मलिक' हा किताब मिळाला. पगाराची कुरबुर झाल्यावर तो स्वतःची माणसं घेऊन नगरकडे परत आला. माणसं किती? दीडशे स्वार. वय पंचेचाळिशीच्या पुढे. त्या काळच्या हिशेबाने हा माणूस संपल्यातच जमा होता.

अकबराच्या फौजेने नगरला वेढा घातला तो १५९५च्या अखेरीस. चांदबिबीने पहिला वेढा परतवला. १६०० मध्ये दुसऱ्या वेढ्यात ती घरच्याच बंडखोरांच्या हातून मारली गेली आणि किल्ला पडला. दिल्ली-आग्र्याच्या हिशेबी निजामशाही तिथे संपली. पण किल्ला पडणं आणि मुलूख पडणं यातला फरक अंबरला कळत होता. किल्ल्याबाहेर राहून मोगलांची रसद मारता मारता त्याचे दीडशे स्वार हजारांवर गेले होते. त्याने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, परांड्याला नेऊन त्याला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तिथून दौलताबादला गेली. राज्य होतं, राजा होता, फक्त मुलूख पुन्हा मिळवायचा होता.

१६०२ मध्ये नांदेडजवळ मोगल सेनापती खानखानानाच्या मुलाशी गाठ पडली आणि अंबर जबर जखमी होऊन पडला. त्याच्या हबश्यांनी त्याला घोड्यावर घालून रणातून बाहेर काढलं. ते घडलं नसतं तर ही गोष्ट नांदेडलाच संपली असती. पुढे राजू दख्खनी नावाचा दुसरा निजामशाही सरदार पाचसहा वर्षं त्याला आडवा येत राहिला. अर्धा मुलूख राजूचा, अर्धा अंबरचा, आणि बाहेर मोगल टपलेले. राजूला कैद केल्यावरच अंबरचे हात मोकळे झाले.

आता घरातली एक गोष्ट. ती ब्रूकनेच लिहून ठेवली आहे. मुर्तजाची थोरली बायको गोरी, इराणी. अंबरची मुलगी धाकटी. जनानखान्यात एकदा भांडण झालं आणि थोरली धाकटीला म्हणाली की तू कोण, एक गुलाम पोर, तुझा बापही पूर्वी बंडखोरच. मुलीने बापाला कळवलं. अंबरने आपल्या कारभाऱ्याकरवी थोरलीला आणि खुद्द सुलतानाला विष देववलं आणि सुलतानाचा पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसवला. हे १६१० चं. थोर माणसांची चरित्रं लिहिताना ही पानं उलटून पुढे जायचा मोह होतो. पण साठीतला हा माणूस, ज्याने एकामागून एक धनी पाहिले, परक्या भाषा शिकल्या, एक राज्य उभं केलं, त्याला एका शब्दाने किती खोल ओरखडा उठला, हे याच पानावर दिसतं. आणि ज्या सुलतानी विषाने त्याचा धनी चंगेजखान गेला होता, तेच त्याने सुलतानाला पाजलं, हेही.

त्याच्या फौजेविषयी विल्यम फिंच नावाचा इंग्रज १६१०च्या आसपास लिहितो की त्याच्याजवळ दहा हजार त्याच्या स्वतःच्या जातीचे, म्हणजे हबशी, आणि चाळीस हजार दख्खनी लोक आहेत. या चाळीस हजारांत मराठे किती, हे सांगायला नको. भोसले, जाधव आणि कित्येक बारगीर घराणी. गनिमी कावा अंबरने मराठ्यांना शिकवला, असं एक विधान नेहमी केलं जातं. तो त्याने मराठ्यांकडूनच शिकला, असं दुसरं. मला दोन्ही अर्धीच वाटतात. शत्रूची रसद तोडणं, रात्रीचे छापे, समोरासमोर न भिडणं हे या डोंगरातल्या स्वारांना आधीपासून येत होतं. अंबरने त्याची राज्याची युद्धनीती केली, पगार वेळच्या वेळी दिला आणि मोगल बादशहासारख्या शत्रूशी ती पंचवीस वर्षं रोज वापरून पाहिली.

ती कशी चाले, हे १६११च्या मोहिमेत स्वच्छ दिसतं. अकबरानंतर बादशहा झालेल्या जहांगीरने दुहेरी चढाई आखली. अब्दुल्लाखान गुजरातेतून नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने वर यायचा, वऱ्हाडातून राजा मानसिंग आणि खानजहान लोदी खाली उतरायचे, आणि मध्ये दौलताबादेत अंबर चिमटीत सापडायचा. कागदावर बेत उत्तम. पण अब्दुल्लाखानाला विजयात वाटेकरी नको होता. दुसऱ्या फौजेची वाट न बघता तो घाट चढला. त्याला मोठी फौज कुठे दिसलीच नाही. दिसत ते टेकडीच्या कडेला घोळके, तेही बाण सुटला की पळणारे. रोज कुठला तरी मागे राहिलेला बैल, कुठला तरी दाण्याचा तांडा नाहीसा होई. जसजसा दौलताबाद जवळ येऊ लागला, तसतसे घोळके दाट होत गेले. रात्री छावणीवर बाण पडू लागले. बाण म्हणजे दारूचे, आभाळातून सुसाट येऊन जनावरांत पडणारे. झोप नाही, चारा नाही, आणि वऱ्हाडच्या फौजेचा पत्ता नाही. अब्दुल्लाखानाने तोंड फिरवलं. मग खरी शिकार सुरू झाली. अलीमर्दान बहादूर नावाचा नामांकित मोगल सरदार जखमी होऊन पकडला गेला आणि दोन दिवसांत मेला. जुल्फिकारबेग दारूच्या बाणाने गेला. बागलाणची हद्द येईपर्यंत पाठलाग थांबला नाही. वऱ्हाडची फौज निम्म्या वाटेत ही बातमी ऐकून आल्या पावली परत गेली. जहांगीरने हे सगळं आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि दोष अंबरच्या बुद्धीला न देता स्वतःच्या सरदारांच्या बेबनावाला दिला आहे.

अंबरचं नाव येईल तिथे हा रसिक, फुलापाखरांचे रंग टिपणारा बादशहा एकदम शिवराळ होतो. त्याच्या कातडीच्या रंगावर घसरतो, काळतोंड्या म्हणतो, काळ्या नशिबाचा म्हणतो. (आपणही फार सोवळे राहू नये. 'हबशी' हा शब्द आपल्याकडे कशासाठी वापरतात, ते प्रत्येकाला ठाऊक आहे.) १६१६च्या सुमारास त्याच्या दरबारातल्या अबुल हसन या मोठ्या चितार्‍याने एक चित्र काढलं. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर. समोर उभ्या भाल्यावर मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं. त्यावर घुबड. बादशहा धनुष्य ओढून त्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. चित्र बघत राहावं असं आहे. चेहऱ्यावरची बारीक दाढी, कपड्याचं पारदर्शक पोत, सगळं जिवंत. फक्त त्यात दाखवलेली घटना कधी घडली नाही. अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि अंथरुणावर मेला. जहांगीरने त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. हाताशी न लागणाऱ्या माणसाला बादशहाने कुंचल्याने मारलं. एखाद्या शत्रूने केलेला इतका मोठा सन्मान मला दुसरा ठाऊक नाही.

चित्राला निमित्त होतं ते बहुधा रोषणगावचं. १६१६च्या सुरुवातीला जालन्याजवळ रोषणगाव इथे अंबरचा मोठा पराभव झाला. त्याचे काही मराठे आणि हबशी सरदार आधीच मोगलांना मिळाले होते. मोगलांनी पुढे येऊन त्याची नवी राजधानी लुटली आणि जाळली. पुढच्याच वर्षी शहाजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शहाजहान, दख्खनेत उतरला आणि अंबरला नगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या देऊन तह करावा लागला. शहाजादा उत्तरेला गेला की तह मोडायचा, परत आला की नवा करायचा, असं १६२१ पर्यंत चाललं. तहाला तो फार किंमत देत नसे, हे त्याच्या मित्रांनाही कबूल होतं.

ब्रूक त्याला भेटला तो याच काळात, १६१७ मध्ये. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची जहाजं फुटली म्हणून तो माणसं घेऊन पायवाटेने मच्छलीपट्टणला निघाला होता आणि वाटेत अंबरची छावणी लागली. त्याला दिसला एक उंच, धिप्पाड म्हातारा, काळाकभिन्न, रोमन पुतळ्यासारखा कठोर चेहऱ्याचा. डोळे मात्र काचेसारखे पांढुरके, त्या चेहऱ्याला न शोभणारे. चोरांना तो इतकी जबर शिक्षा करतो की त्याच्या मुलखातून सोनं घेऊनही निर्धास्त जाता येतं, अशी नोंद व्यापाऱ्याच्या डोळ्याने ब्रूकने केली आहे.

जळालेली राजधानी म्हणजे खडकी. दौलताबादपासून पाचसहा कोसांवरचं एक खेडं. १६१० मध्ये अंबरने ते निवडलं तेव्हा तिथे पाण्याचं नाव नव्हतं. खाम नदी होती ती नावापुरती. डोंगर उत्तरेला, जमीन दगडाळ, नावच खडकी. इतर सुलतान राजधानीसाठी आधी किल्ला बघत, याने आधी पाणी बघितलं. उत्तरेच्या हर्सूलकडच्या डोंगरउतारावर जमिनीखाली पाण्याचे झिरपे आहेत हे त्याने हेरलं. त्या झिरप्यांना जमिनीच्या पोटातून दगडी बोगदा खणायचा, पाणी आपोआप त्यात पाझरेल, आणि तळाला अगदी हलका उतार ठेवून ते मैलोगणती शहरापर्यंत आणायचं. रहाट नाही, मोट नाही, बैल नाही. इराण-इराककडे असे भुयारी पाट फार जुने आहेत, आणि ज्याचं तारुण्य बगदादेत गेलं त्याने ते पाहिले नसतील असं मानणं कठीण. दरबारातल्या शहाण्यांनी या कल्पनेची टर उडवली, असं सांगतात.

नहर-ए-अंबरी पुरी झाली आणि शहरात पाणी खेळलं. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडं ठेवलेली, गाळ काढायला आणि हवा सुटायला. पुण्याला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणला त्याला जसे उच्छ्वास आहेत, तसे. शहरात शिरल्यावर खापरी नळांतून पाणी मशिदींना, हौदांना, वाड्यांना वाटलेलं. मध्येमध्ये चुन्या-विटांचे उभे बंब, त्यात पाणी वर चढतं, दाब बसतो आणि पुढे निघतं. नंतरच्या शतकांत आणखी नहरी झाल्या. पर्यटक बघायला जातात ती पाणचक्की अशाच एका पुढच्या, अठराव्या शतकातल्या नहरीवर चालते; तिचं श्रेय पुष्कळदा हौसेने अंबरलाच दिलं जातं. त्याला त्याची गरज नाही. मूळ युक्ती त्याची. आज शहराला पाणी येतं ते पैठणच्या जायकवाडीहून, मोठाले पंप लावून, आणि आठआठ दिवसांनी नळ आल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात छापून येतात. नहर बिनविजेची होती.

शहराचं नाव मात्र कुणी स्थिर ठेवलं नाही. खडकीचं अंबरच्या मुलाने फतेहनगर केलं, शहाजादा औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद आणि आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये अंबरने बांधलेला भडकल दरवाजा आहे तिथेच उभा आहे. त्याच्याजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला सारं शहर तिथे लोटतं.

पाण्यानंतर जमीन. मोगलांशी पंचवीस वर्षं लढायला पैसा लागतो, आणि दख्खनमध्ये पैसा म्हणजे ज्वारी-बाजरी. अंबरच्या आधी सारा वसूल करायचा मक्ता बड्या इजारदारांना दिलेला असे. इजारदार सरकारला ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून हाती लागेल तेवढं उकळी. लढाईच्या वर्षी रयत गाव सोडून जाई. अंबरने इजारा मोडला. वसुली ब्राह्मण कारभाऱ्यांकडे दिली, त्यांच्यावर मुसलमान देखरेख ठेवली आणि गावचा पाटील-कुळकर्णी पुन्हा उभा केला. जमिनीची प्रतवारी केली. साखळी टाकून मोजणी करण्यापेक्षा गावच्या जाणत्यांच्या नजरपाहणीवर भर दिला. आधी काही हंगाम प्रत्यक्ष आलेल्या पिकातला भाग धान्यात घेतला. मग त्या हंगामांचा सरासरी अंदाज बांधून तो रोकडीत ठरवला. ही रोकड पिकाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी येई. जितकी जमीन लागवडीखाली, तितकाच धारा. पडीत राहिलेल्या जमिनीसाठी कुणाचं मानगूट धरायचं नाही. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क मानला, म्हणजे त्याला ती विकता येई, मुलाला देता येई. उत्तरेत तोडरमलाने जे मोजणीने केलं, ते इथे गावच्या शब्दावर केलं. ते मोजणीइतकं काटेकोर नव्हतं. पण पाटलाला समजत होतं, आणि लष्कर दारात उभं असताना समजणारा हिशेब जास्त कामाचा असतो.

या सगळ्या तयारीची कसोटी १६२४ मध्ये लागली. अंबर तेव्हा पंचाहत्तरीत. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने मोगलांशी हात मिळवला. अंबरने आधी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी तह केला, बीदर लुटलं आणि थेट विजापूरला जाऊन वेढा घातला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मोगली फौज घेऊन पाठीवर आला तेव्हा अंबरने वेढा उठवला. मोगलांना त्याने निरोप धाडले की हा माझा आणि विजापूरकरांचा घरचा तंटा आहे, तुम्ही मध्ये पडू नका. ते ऐकेनात. तेव्हा तो मागे मागे सरकत नगरजवळच्या भातवडीला आला. आज गावाला भातोडी म्हणतात.

भातवडीला मोठा तलाव आहे, निजामशाहीतलाच. अंबरने त्याचा बांध फोडला. शत्रूच्या वाटेवरच्या जमिनीचा राडा झाला. दिवस पावसाचे, काळी जमीन, त्यात आणखी तळ्याचं पाणी. ज्याने खडकी वसवताना पाणी वाहून आणलं, त्याने इथे पाणी सोडून दिलं. तोफा रुतल्या, बैल रुतले, छावणीत दाणा मिळेना. विजापुरी शिपाई भुकेने रात्रीचे निसटून अंबरच्या गोटात येऊ लागले. त्यांना तो खायला घाली. आणि छावणीवर रात्रीचे छापे, अब्दुल्लाखानाच्या वेळचेच. दुबळ्या झालेल्या शत्रूवर शेवटी शहाजीराजे, त्यांचे भाऊबंद आणि हबशी स्वार तुटून पडले. मुल्ला महंमद मारला गेला. मोगल सेनानी लष्करखान आणि त्याच्याबरोबरचे कितीतरी मनसबदार पकडून दौलताबादच्या कैदेत पाठवले गेले. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. त्यांची समाधी भातोडीत आहे. कवींद्र परमानंदाने 'शिवभारता'त या लढाईला मोठी जागा दिली आहे, आणि शिवाजी महाराजांच्या दरबारच्या त्या कवीला हबशी वजिराचं शौर्य वर्णायला संकोच वाटलेला नाही.

विजयानंतर अंबर परत विजापूरवर गेला, इब्राहिम आदिलशहाचं लाडकं नवरसपूर त्याने उद्ध्वस्त केलं आणि सोलापूर घेतलं. कलावंत सुलतानाने हौसेने वसवलेलं नगर होतं ते. याचं समर्थन करता येत नाही आणि मी करतही नाही. शहाजीराजेही लवकरच त्याला सोडून विजापूरकडे गेले.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर गेला. वय ऐंशीच्या घरात. ज्या मुतमदखानाने जहांगीरचं चरित्र लिहिलं, ज्याच्या धन्याने त्या मुंडक्यावर बाण सोडल्याचं चित्र काढवलं, त्यानेच ही बातमी नोंदवताना लेखणी जरा थांबवली. युद्धात, सरदारीत, सल्ल्यात आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती. दख्खनच्या दांडग्यांना त्याने काबूत ठेवलं. अखेरपर्यंत मान राखून जगला. आणि एखादा हबशी गुलाम एवढ्या पदाला पोचल्याचं उदाहरण इतिहासात नाही, अशा आशयाचं त्याने लिहिलं. जिवंतपणीची शिवीगाळ चालू असताना बहुधा हे लिहिता आलं नसतं.

मुलगा फतेहखान बापाच्या जागी आला. त्याने बापाने गादीवर बसवलेल्या त्याच बाहुल्या निजामशहाला मारलं आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली करून त्यांचा मनसबदार झाला. तीन वर्षांत निजामशाही नकाशावरून गेली. बापाने पाव शतक अडवून धरलेली गोष्ट मुलाने सातव्या वर्षी देऊन टाकली.

अंबरची कबर खुलदाबादला आहे, त्याने हयातीतच बांधवून घेतलेली. जाड भिंती, वर घुमट, शेजारी बायको करीमाबीबीची कबर. गावात येणारी माणसं बहुतेक औरंगजेबाची कबर बघायला येतात. बादशहाची कबर उघड्यावर, साधी, मातीची, गुलामाची घुमटाखाली. दोघांच्या मध्ये चालत जाण्याइतकंच अंतर आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रज अंमलदार जमाबंदीची चौकशी करत दख्खनच्या गावांतून फिरू लागले, तेव्हा धारा कुणाच्या वेळचा, या प्रश्नाला उत्तर म्हणून हे नाव त्यांच्याही कानी आलं. त्यांनी ते आपल्या वेड्यावाकड्या इंग्रजी लिपीत टिपून घेतलं. साताऱ्याला राहिलेल्या ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात या जमाबंदीवर कौतुकाने लिहिलं. ते पुस्तक छापून निघालं १८२६ मध्ये, अंबर जाऊन बरोबर दोनशे वर्षं झाली होती.